यमाच्या वेशात वर्गणी: चूक की बरोबर?

पांदणवाला
मंडळी, शिव्या दिल्या तरी चालतील, पण पूर्ण वाचून द्या.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, नेरकडचं, वस्ती पावणेदोन हजार. स्मशानभूमी म्हणजे नाल्याकाठची मोकळी जागा. शेड नाही, ओटा नाही. पावसाळ्यात मयत झाली की चार जण ताडपत्री धरून उभे राहतात, खाली ओली लाकडं धुपतात, मग डिझेल, मग जुने टायर. पाहवत नाही. जनसुविधेत, म्हणजे गावच्या सोयींसाठीच्या सरकारी योजनेत, प्रस्ताव दिला त्याला दोन वर्षं झाली. विचारलं की 'वर गेला आहे' म्हणतात. आमच्या गावातून वर जाणारे आम्ही रोज पाहतो, प्रस्ताव कुठं दिसला नाही.

म्हणून पोट्ट्यांनी लोकवर्गणी काढायचं ठरवलं. अँगल, पत्रे, ओटा, मजुरी धरून खर्च दीड लाखाच्या घरात. पहिल्या रविवारी शेजारच्या मोठ्या गावच्या बाजारात पावतीबुक घेऊन चार तास फिरलो. जमा ६४० रुपये. त्यातले १०० माझ्या मामाचे, तेही 'जा आता' म्हणून दिलेले.

माझा चुलतभाऊ गावच्या नाटकात काम करायचा. त्याच्याकडं यमाचा सगळा सरंजाम पडून होता. काळा झगा, सोनेरी कागद लावलेला पुठ्ठ्याचा मुकुट, थर्माकोलची गदा. रेडा कोणी देईना, म्हणून फटफटीच्या हँडलला शिंगं बांधली. दुसऱ्या रविवारी हा पठ्ठ्या बाजारात शिरला आणि ओरडला, "आता द्या, नाहीतर मग मी स्वतः न्यायले येतो!" लोक हसून हसून पैसे टाकत होते. चार तासांत ४,३१० रुपये.

आता खरी गोष्ट. भाजीच्या ओळीत एक बाई सांबार (कोथिंबीर) अन् वालाच्या शेंगा घेऊन बसते. भाऊ तिच्यापुढं जाऊन नेहमीचं वाक्य बोलला. ती वर पाहून म्हणाली, "एकाले तं नेलं ना रे श्रावणात. आता अजून कोणाले नेतं?" आवाज चढला नाही की काही नाही. कमरेच्या पिशवीतून दहाची नोट काढून डब्यात टाकली, उरलेल्या जुड्या पोत्यात गुंडाळल्या अन् उठून गेली. बाजार अर्धा बाकी होता.

भाऊ तेव्हापासून झग्याला हात लावत नाही. बाकीचे म्हणतात, एका बाईसाठी साडेतीन हजार सोडायचे का? आम्ही काय करावं?

वऱ्हाडी_ठेचा
अबे चालू ठेवा राजेहो! ६४० कुठं अन् ४,३१० कुठं. हिशेब सांगून राह्यला का नाही? भाजीच्या ओळीत जाऊ नका, कपड्याच्या ओळीत जा. तिथं पैशावाले राहतात.

काळी_कसदार
आमच्या तालुक्यात वाहतूक सप्ताहात यम उभा करतात, हेल्मेट घाला म्हणून. त्याला कोणी नावं ठेवत नाही. तुम्ही काय वेगळं केलं?

निवांत_मास्तर
काळी_कसदार, वेगळं हे की तो यम कोणाकडं पैसे मागत नाही.

माझं मत सांगतो, कडू लागेल. ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत काढली. दर ७ डिसेंबरला ध्वजदिनाचा निधी गोळा केला. पोरं साध्या गणवेशात छातीला छोटा झेंडा लावून घरोघर जायची. कोणी दोन रुपये द्यायचं, कोणी पाच. कमी मिळायचे, पण देणाऱ्याला ठाऊक असायचं की सैनिकांसाठी देतो आहे. तुमच्या बाजारात ४,३१० कशाचे पडले? शेडचे की तमाशाचे? पुढच्या रविवारी तोच यम गेला तर २,००० पडतील, त्याच्या पुढच्या रविवारी ८००. मग काय, चित्रगुप्त आणणार?

वऱ्हाडी_ठेचा
चित्रगुप्त! मास्तर, तुम्ही आयडिया देऊन राह्यले का विरोध करून राह्यले?

बोजारा_द्या
मास्तरांचा चित्रगुप्त मला फार आवडला. हातात जाडी वही, कानाला लेखणी, अन् गळ्यात क्यूआर कोड.

झाडीतला
पांदणवाले, तुमच्या भावाचं कौतुक वाटलं. खरा नट दिसतो. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम लागतो, वडसा म्हणजे देसाईगंज तिथलं ठाणं. खलनायकाचं काम करणारा माणूस सकाळी चहाच्या टपरीवर आला की बाया तोंड फिरवतात, इतकं खरं वाटते लोकांना. पण तिथं एक गोष्ट आहे. पडदा आहे, तिकीट आहे. माणूस आपल्या पायानं येऊन बसला आहे, त्याला माहीत आहे की आज रडवतील. बाजारात बसलेल्या बाईनं तिकीट काढलं नव्हतं.

मोहफूल
झाडीतला, शेवटचं वाक्य बरोबर. तरी मी थोडं दुसऱ्या बाजूनं बोलते.

मी मेळघाटातली, धारणीकडची. होळी झाली की आमच्याकडं पाच दिवस फगवा मागतात. कोरकू बाया-माणसं रस्त्यावर आडवी लाकडं नाहीतर दोरी धरून गाडी थांबवतात, गाणी म्हणतात, नाचतात. रंग असतो, कोणी डोक्याला काय काय बांधलेलं असते, कधी माणसं बायांचे कपडे घालतात. बाहेरचे लोक काच वर करतात, त्यांना वाटते लूट आहे. लूट नाही ती. तो त्या दिवसांचा हक्क आहे, सगळ्यांना माहीत असलेला. गावातलं कोणी नाही म्हणत नाही. दहा रुपये दिले तरी वाट मोकळी.

म्हणजे सोंग घेऊन मागणं आपल्याकडं काही नवीन नाही. दिवस ठरलेला पाहिजे, अन् मागणारा कोणाचा कोण ते माहीत पाहिजे.

बोजारा_द्या
बरोबर. माझं नावच बघा ना. आमच्या नागपूर-वर्ध्याकडं तान्हा पोळा. पोरं लाकडाचा नंदी ओढत दारोदार येतात, कोणी कृष्ण, कोणी शेतकरी, एक तर दरवर्षी झाशीची राणी असतेच. दारात आले की बोजारा द्यावाच लागते. माझ्या लहानपणी आठ आणे मिळत, आता पन्नासच्या खाली पोट्टे नंदी वळवत नाहीत. सांगायचं म्हणजे, वेश आला की पैसा देणारा हसते, अन् हसणारा माणूस पाकीट उघडते. जगभर हेच आहे.

दूरदेशी
जगभरचं निघालं म्हणून लिहितो. मूळ दारव्ह्याचा, सध्या इंग्लंडात, लीड्सला.

इथं विद्यापीठांत 'रॅग' नावाचा प्रकार असतो. विद्यार्थी केळं, गाय, कोंबडा असले पोशाख घालून बादल्या घेऊन चौकात उभे राहतात आणि धर्मादाय संस्थांसाठी पैसे जमवतात. लंडनच्या मॅरेथॉनमध्ये तर लोक अख्ख्या गेंड्याच्या पोशाखात धावतात, गेंडे वाचवण्याच्या निधीसाठी. अमेरिकेत साल्व्हेशन आर्मीवाले नाताळात लाल किटली टांगून घंटी वाजवतात. ते १८९१ ला सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालं.

पण गंमत पाहून फसू नका. इथं रस्त्यावर पैसे गोळा करायला नगरपालिकेचा परवाना लागतो. डबा सीलबंद असतो, त्यावर संस्थेचं नाव आणि नोंदणी क्रमांक. डबा खळखळ वाजवत कोणाच्या मागं लागणं असभ्य समजतात. केळ्याच्या आतला पोरगा कोणीही असला तरी चालतो, कारण डबा कोणाचा ते वाचता येतं.

वऱ्हाडी_ठेचा
केळं बनून पैसे मागते? आमच्या बाजारात केळं बनून गेला तर बकरीच खाऊन टाकीन.

अंगणवाडीताई
हसून झालं असेल तर एक सांगू का? आता महाशिवरात्र आली. गळ्यात रबरी साप, अंगाला निळा रंग, हातात ताट अशी सहा-सात वर्षांची लेकरं बसस्टँडवर दिसतात. लोक देवाला म्हणून ताटात टाकतात. तो पैसा संध्याकाळी कोणाच्या खिशात जाते ते लेकराला पण माहीत नसते. तुमच्या गटात लहान पोरं असतील तर त्यांच्या हातात डबा देऊ नका. चांगल्या कामासाठी असला तरी.

सेलूकर
ताई, लेकरं तर आहेतच, मोठ्यांचं पण ऐका. वर्ध्याला बसस्टँडबाहेर एक माणूस गांधी बनून उभा राहायचा. काठी, चष्मा, अन् सगळं अंग चंदेरी. गांधींचं सेवाग्राम आठ किलोमीटरवर, अन् इथं गांधी नाण्यासाठी पुतळा बनून उभा. आधी मला राग यायचा. एकदा रात्रीची गाडी चुकली म्हणून त्याच्याजवळ बसलो. तो रॉकेलच्या बोळ्यानं हात पुसत होता. कोपराच्या आत कातडी लाल होऊन सोललेली. म्हणे, पाण्यानं निघत नाही, साबणानं निघत नाही. "रोज काढता?" विचारलं तर म्हणाला, "नाई, जेवायपुरते हात काढतो. बाकी राहू देतो. उद्या पुन्हा लावाच लागते." तेव्हापासून राग गेला, पण नाणं टाकताना हात कसनुसा होतो.

हा विषयाशी किती जुळतो माहीत नाही. आठवलं म्हणून लिहिलं.

निवांत_मास्तर
जुळतो सेलूकर. वेशाखाली माणूस असतो हे पाहणाऱ्याच्या ध्यानात राहत नाही, मागणाऱ्याच्याही नाही.

लोटांगण
परवा २३ फेब्रुवारी, गाडगेबाबांची जयंती. आपण अमरावती-यवतमाळचे लोक असून अजून कोणी त्यांचं नाव काढलं नाही? १८७६ ला अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावात जन्म. डोक्यावर फुटकं गाडगं, अंगावर चिंध्यांचं पांघरूण, हातात खराटा. यापेक्षा मोठा वेश कोणता? त्या वेशात त्यांनी पंढरपूर, नाशिक, मुंबईला धर्मशाळा उभ्या केल्या. दादरची धर्मशाळा तर टाटा हॉस्पिटलमध्ये येणाऱ्या कॅन्सरच्या पेशंटांसाठी. माझा मावसा तिथं राहिला आहे. सगळी लोकवर्गणीच ना? मग यमाचा वेश घेतला तर काय बिघडलं?

खराटा
लोटांगण, हे मला अजिबात पटलं नाही. बाबांचं गाडगं वेश नव्हता. पाणी प्यायचं तेच, जेवायचं त्यातच, उन्हात डोक्यावर तेच. रात्री घरी जाऊन काढून ठेवायचं सामान नव्हतं ते. वेश म्हणजे जे काढल्यावर आत दुसरा माणूस निघते. बाबा आत-बाहेर एकच होते, म्हणून लोक ऐकत.

अन् क्रम पाहा. गावात आले की आधी खराटा घेऊन गाव झाडायचे. रात्री कीर्तन, त्यात लोकांनाच प्रश्न विचारायचे, लोकांकडूनच उत्तर काढायचे. कामाला हात लागलेला लोकांनी डोळ्यांनी पाहिलेला असायचा. पांदणवाले, तुम्ही स्मशानभूमीतलं गवत तरी काढलं का अजून?

पांदणवाला
खराटा भाऊ, काढलं नाही. शेड झाल्यावर काढू म्हणत होतो. लाज वाटली वाचून.

वऱ्हाडी_ठेचा
मी पण आमच्या स्मशानात गेल्या वर्षी फक्त मयतीलेच गेलो. गप बसतो जरा.

धाकटा_वकील
गप बसू नका, पण हे ऐका. कायद्याची बाजू कोणी मांडली नाही.

एक, नोंदणीकृत ट्रस्ट नसताना धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला कळवावं लागतं. गणपती मंडळं दरवर्षी घेतात तीच ही परवानगी. नंतर हिशेबही द्यावा लागतो.

दोन, आपल्याकडं १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा आहे. त्यात 'भीक' ची व्याख्या लांबलचक आहे. गाणं, नाच, भविष्य सांगणं, खेळ करणं असलं काहीही निमित्त करून सार्वजनिक ठिकाणी पैसे मागणं त्यात बसतं. रीतसर अधिकार मिळालेल्या कामासाठी गोळा केलेला पैसा त्यातून वगळला आहे. म्हणजे तुमचा यम कागद जवळ नसताना फिरला, तर कागदोपत्री तो भिकारीच.

तीन, कोणी पोलिसाचा वेश सुचवण्याआधीच सांगतो, नको. लोकसेवकाचा वेश फसवणुकीच्या हेतूनं घालणं भारतीय न्याय संहितेच्या कलम २०५ खाली गुन्हा आहे. हेतू नव्हता हे सिद्ध करत बसावं लागेल.

अंगणवाडीताईंच्या मुद्द्यावर: मुलाला भीक मागायला लावलं तर बाल न्याय कायद्याच्या कलम ७६ मध्ये पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख दंड आहे.

बोजारा_द्या
वकीलसाहेब, तान्ह्या पोळ्याच्या पोट्ट्यांवर कलम लावू नका बाप्पा. घरात तीन आहेत.

धाकटा_वकील
तुमच्याकडून बोजारा मिळाला तर विचार करू.

माजी_ग्रामसेवक
(आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालं, पण आमच्या गावात अजून ग्रामसेवकच म्हणतात.)

धर्मादाय कार्यालयाच्या खेपा घालण्यापेक्षा सोपा रस्ता आहे. जागा ग्रामपंचायतीची, शेड ग्रामपंचायतीची होणार. मग ग्रामसभेत ठराव घ्या की स्मशान शेडसाठी लोकवर्गणी स्वीकारावी. पैसा ग्रामपंचायतीच्या खात्यात भरा, नमुना ७ ची सामान्य पावती घ्या. रोकडवहीत नोंद पडते, ऑडिटला येते. उद्या जनसुविधेचा निधी आला तर काम दुप्पट दाखवलं असा ठपका पण येत नाही. घरी छापलेलं पावतीबुक म्हणजे भांडणाचं बी. मी एका गावात १२ वर्षं पाहिलं, सप्त्याच्या वर्गणीवरून दोन भावांचं बोलणं बंद.

अन् क्यूआर कोड कोणाच्या खात्याचा होता, पांदणवाले?

पांदणवाला
भावाच्याच. दुसरा नव्हता.

माजी_ग्रामसेवक
हेच. यमाच्या खात्यात पैसे.

मुखवटा_उतरवून
तीन दिवस वाचतो आहे, लिहू की नको करत. आता लिहितो.

मी बहुरूपी समाजाचा. आमची जात भटक्या जमातींच्या यादीत आहे. आजोबा पोलिसाचं, वैद्याचं, सावकाराचं सोंग घ्यायचे. दारात येऊन दरडावायचे, वॉरंट निघालं म्हणायचे, चला लग्नाला म्हणायचे. घरातला माणूस घाबरला, मग ओळखला, मग हसला की सोंग संपलं. तेव्हा हात पुढं. आधी नाही. आजोबा सांगायचे, भ्याला त्याच्याकडून घेऊ नको, हसला त्याच्याकडून घे. अन् घरात सुतक दिसलं, दारात मडकं दिसलं, तर सोंग मागच्या मागं. ही शिकवण आहे. नाटकाच्या कपड्यासोबत ती येत नाही.

आता मी गावोगाव जातो तेव्हा खिशात आधार कार्ड, सरपंचाचं पत्र, अन् गावात शिरायच्या आधी पोलीस पाटलाला सांगणं. का? १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला काय झालं ते तुम्ही वाचलं असेल. मुलं पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण लोकांनी ठेचून मारले. भिक्षा मागायलाच गेले होते. त्या वर्षानंतर माझ्या बायकोनं मला एकटं जाऊ दिलं नाही. सोंग घेतलेला माणूस अनोळखी असला की लोक दोन गोष्टी करतात, हसतात नाहीतर दगड उचलतात. तुमचा भाऊ शेजारच्या गावचा, ओळखीचा, म्हणून हसले.

अजून एक. त्याच बाजारात आमचा माणूस आला असता तर त्या दिवशी त्याला काय मिळालं असतं? लोकांनी रविवारचं हसू तुम्हाला देऊन टाकलं. राग नाही माझा, स्मशान सगळ्यांना लागते. पण पाहा.

झाडीतला
मुखवटा भाऊ, तुमचा प्रतिसाद घरी सगळ्यांना वाचून दाखवला.

निवांत_मास्तर
मी ३१ वर्षांत बहुरूप्याला शाळेच्या फाटकातून दोनदा हाकलून दिलं आहे. पोरं घाबरतील म्हणून. आज लिहून ठेवतो.

मोहफूल
'हसला त्याच्याकडून घे.' इतकं साधं.

नवीन_पाखरू
नमस्कार, पहिल्यांदाच लिहितो. यम नको असेल तर ते मोरपिसांचे मोठे टोप घालून नाचतात ना, राजुरा-जिवतीकडं, ते कसं राहील? फोटो एकदम भारी येतात. शंभर टक्के व्हायरल.

माणिकगडचा
नवीन_पाखरू, नको भाऊ. ते घुसाडी. आम्ही गोंड लोक दिवाळीत दंडारी, म्हणजे गावोगाव नाचाची फेरी, काढतो, त्यात घुसाडी होते. टोप घातला की तो माणूस आपला राहत नाही, देवाचा होते. नेम पाळतो, दंडारी संपेपर्यंत आंघोळ पण करत नाही. आम्ही दुसऱ्या गावी पाहुणे म्हणून जातो, ते आमची जेवणाची सोय करतात, पुढं आम्ही त्यांची. डबा फिरवायचा विषयच नाही. गेल्या वर्षी एका शहरात कोणत्या तरी दुकानाच्या उद्घाटनाला प्लास्टिकच्या पिसांचे घुसाडी उभे केलेले पाहिले. तेव्हा मला त्या सांबारवाल्या बाईसारखंच झालं असेल.

नवीन_पाखरू
माफी असावी. माहीत नव्हतं.

माणिकगडचा
अरे माफी कशाची. दिवाळीत ये, जेवून जा.

काळी_कसदार
सगळे एवढं गंभीर होऊन राहिले, पण दीड लाख कुठून येणार ते कोणी सांगत नाही. साध्या कपड्यात ६४० मिळतात हे पण सत्यच आहे ना? तत्त्वाच्या पत्र्यानं शेड होत नाही.

दूरदेशी
हे बरोबर आहे. मी २५० पौंड पाठवू शकतो, पण परदेशातून पैसा घेताना परदेशी योगदानाचा कायदा आडवा येतो का ते वकीलसाहेब सांगतील. मी भारतीय पासपोर्टवरच आहे.

धाकटा_वकील
भारतीय नागरिकानं परदेशातल्या कमाईतून आपल्या बँक खात्यामार्फत दिलेलं परदेशी योगदान धरत नाहीत. पासपोर्ट बदलला असता तर गोष्ट वेगळी. तरी पाठवण्याआधी ग्रामपंचायतीचा ठराव होऊ द्या.

खराटा
मी येतो गवत काढायला. नेर माझ्याकडून लांब नाही. तारीख सांगा.

वऱ्हाडी_ठेचा
मी पण येतो. विळा माहा.

पांदणवाला
पाच आठवडे झाले, धागा खाली गेला असेल, तरी वर काढतो. काय झालं ते सांगायचं राहिलं.

ग्रामसभेत ठराव झाला. क्यूआर आता ग्रामपंचायतीचा. दोन रविवार बाजाराला गेलोच नाही, स्मशानभूमी साफ केली. खराटा भाऊ खरंच आले, ठेचा भाऊ पण आले (विळा बोथट होता). गाजरगवताच्या खाली जुना दगडी ओटा निघाला, कोणाला माहीतच नव्हता. मिस्त्री म्हणाला, पाया चांगला आहे, त्याच्यावरच बांधा. तिथंच पंधरा-वीस हजार वाचले.

मग भाऊ अन् मी त्या मावशीच्या घरी गेलो. आमच्या गावापासून चार किलोमीटर. भाऊ साध्या कपड्यात, तिनं ओळखलंच नाही. सांगितल्यावर पाहत राहिली, मग घरातून पाट आणून दिला. मी माफी मागायला लागलो तर म्हणाली, "तुह्या यमाचा राग नाही आला. तो हासत होता, त्याचं वाईट वाटलं. माह्या माणसाच्या वक्ताले पाऊस मावत नव्हता. पोराच्या हातातली ताडपत्री वाऱ्यानं तीनदा उडाली. दुपारचं आणलं ते रात्री नऊले पेटलं." बोलता बोलता ती सांबाराच्या काड्या निवडत होती, पिवळी पानं एकीकडं. मग विचारलं, "तुमच्या शेडले बाजूनं पत्रे लावणार का नुसते वरून?" आम्ही म्हटलं वरूनच, पैसे तेवढेच. "मंग वारा?" म्हणे. आम्ही दोघं एकमेकांकडं पाहू लागलो. इतक्या बैठका झाल्या, पश्चिमेच्या वाऱ्याचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. आता पश्चिमेची बाजू बंद करतो आहोत, ११ पत्रे वाढले.

गेल्या रविवारी बाजारात पुन्हा गेलो. यम नाही. मास्तरांचा चित्रगुप्त. भाऊच, पण मुकुट-मिशी नाही. पांढरं धोतर, कानाला पेन, हातात ग्रामपंचायतीचं पावतीबुक, चेहरा उघडा. पैसे दिले की मोठ्यानं नाव वाचायचा, "अमुक अमुक, दहा रुपये, नोंद झाली!" लोक शेजाऱ्याला ओढून आणत होते, याचं पण नाव वाच म्हणून. एकानं पन्नास देऊन सासऱ्याचं नाव वाचायला लावलं, सासरा समोरच उभा होता. २,८७५ जमले. यमापेक्षा कमी. आजपर्यंत एकूण ७१ हजार, दूरदेशींचे धरून.

मुखवटा भाऊ, तुमच्यासाठी निरोप. बाजारात तुमच्यातले एक काका आले होते, पोलिसाच्या सोंगात. भावानं त्यांना ओळखलं नाही, खरा पोलीस समजून घाबरून ठराव दाखवायला लागला. त्यांनी ठराव पूर्ण वाचला, एक चूक काढली (तारखेची), मग हसले.

मुखवटा_उतरवून
माझे मामा. सांगितलं त्यांनी. म्हणे पोरगं चांगलं आहे, पण आवाज पोटातून काढत नाही. त्याला पाठवा, शिकवतील.

माजी_ग्रामसेवक
तारखेची चूक दुरुस्त केली का?

पांदणवाला
केली साहेब. शिक्क्यासकट.

वऱ्हाडी_ठेचा
यमाचं सामान कुठं आहे आता?

पांदणवाला
माळ्यावर. फटफटीची शिंगं तेवढी पुतण्यानं नेली. तान्ह्या पोळ्याला नंदीला लावतो म्हणते.

बोजारा_द्या
आमच्या दारात येऊ नको म्हणा. शंभर मागीन तो.